वाळकी आई, जाड आई आणि बाळाचं दूध



ऊस, उतारा आणि हप्ता यांवर आपण या पानांतून नेहमीच बोलतो. आजचा विषय घरातला आहे. तो बायकांचा म्हणून बंधूंनी पान उलटू नये, कारण यात त्यांचाही वाटा आहे.

घरात बाळंतीण असली की तिच्या अंगाकडे बघून निकाल देणारी माणसं पुष्कळ. सून किडकिडीत असली तर, "हिच्या अंगावर मूठभर मांस नाही, दूध कुठनं उतरणार?" आणि अंगानं भरलेली असली तर, "एवढी धष्टपुष्ट, अन् पोर उपाशी रडतंय!" दोन्हीकडून बोल तिलाच. चार दिवस हे ऐकलं की तिलाही ते खरं वाटायला लागतं, आणि आठवड्याच्या आत पावडरीचा डबा नि बाटली घरात येते. बाटली आली की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि जेवढं कमी ओढतं तेवढं दूध कमी होतं. मग सगळे म्हणतात, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?"

वास्तविक दुधाचं माप अंगावरच्या मांसावर नसतं, स्तनाच्या आकारावरही नसतं. आकार मुख्यतः चरबीनं ठरतो. दूध करणाऱ्या ग्रंथी वेगळ्या. डॉ. सी. गोपालन यांनी १९५० च्या दशकात आपल्याच देशातल्या गरीब मातांच्या दुधाचा अभ्यास केला. तुटपुंज्या खाण्यावरही त्या महिनोन् महिने बाळाला पाजत होत्या. मात्र याचा अर्थ बाळंतिणीला कमी वाढलं तरी चालतं, असा कोणी घेऊ नये. दूध लवकर आटत नाही, आधी आई आटते. पहिले सहा महिने तिला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे साधारण दोन भाकरी, वाटीभर उसळ आणि मूठभर शेंगदाणे. डिंकाचे, अळिवाचे लाडू जरूर द्या, पण पाणी तोडायची जुनी रीत सोडून द्या. तहान लागेल तेवढं पाणी तिला मिळालंच पाहिजे.

आपण जनावरं पाळणारी माणसं. तुलना कोणाला खटकेल, पण गोष्ट लगेच समजेल. नवा माणूस धारेला बसला, कोणी आरडाओरडा केला, की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, उतरत नाही. बाईचंही तसंच आहे. बाळ ओढू लागलं की शरीरात ऑक्सिटोसिन नावाचा रस सुटतो आणि दूध उतरतं. भीती, दुखणं, टोमणे यांनी तो अडतो. म्हशीपुढं गप्प बसणारा माणूस सुनेपुढं मात्र वाटेल ते बोलतो, याला काय म्हणावं?

आता जाड आईचं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरांतल्या सुमारे २४ बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळलं, तर सुमारे १९ जणींचं कमी. जास्त वजनाच्या आईला दूध भरून यायला कधी कधी तीन दिवसांच्या वर लागतात. बाळानं ओढल्यावर वाढायला हवं ते प्रोलॅक्टिन अशा मातांत पहिल्या आठवड्यात कमी वाढतं, असं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं. त्यात सिझर झालं असेल, मधुमेह असेल, तर आणखी उशीर होतो. पण उशीर म्हणजे नकार नव्हे. बाळाला पहिल्या तासातच अंगाशी धरावं, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं. ओढता येत नसेल तर हातानं काढून वाटी-चमच्यानं द्यावं. सुरुवातीचा चीक थोडाच असतो, बाळाचं पोटही तेवढंच असतं. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो आणि आईचा चीक पिळून टाकतो!

तरुण मुलींच्या मनात दुसरंच भय असतं. पाजलं की अंग सुटतं, बांधा बिघडतो. बांधा बदलतो तो गरोदरपणानं, वयानं आणि वजनानं, पाजल्यानं नव्हे. गरोदरपणात साठलेली चरबी पाजताना थोडी खर्ची पडते, पण त्यावर भरवसा ठेवून कोणी आठवड्यात बारीक होत नाही. वजन जास्त असेल तर महिन्याभरानंतर बेतानं खाऊन, चालून आठवड्याला अर्धा किलो उतरवलं तरी बाळाच्या वाढीला धक्का लागत नाही, असं दिसून आलं आहे. उपास करून मात्र नको.

दूध पुरतंय का, हे आईच्या अंगाकडे बघून नव्हे, बाळाकडे बघून ठरवा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा वेळा तरी लघवी, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत भरलेलं. अंगणवाडीत काटा आहे, आशाताई आहेत. हे होत नसेल, बाळ मलूल पडत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावं. काही थोड्या मातांना खरोखरच दूध कमी असतं, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

शेवटी आपल्या फडातल्या बायांबद्दल. ऊसतोडीला आलेली ओली बाळंतीण मोळ्या वाहते आणि बाळ कोपीत असतं. बाळाला सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध हवं, पण सकाळी पाजून दुपारी परतली तर दूध टिकायचं कसं? ज्याच्या रानात तोड चालू आहे त्या सभासदानं मुकादमाला एवढं सांगावं, की दर दोन-तीन तासांनी तिला बाळाकडे सोड, आणि बांधावरच्या झाडाखाली आडोसा करून दे.