एक सर्व्हर, कामे अनेक

टेंभली हे नंदुरबार जिल्ह्यातले गाव. आधार कार्डांचे वाटप २०१० साली तिथून सुरू झाले. कोट्यवधी लोकांची माहिती एका संगणकात मावणार कशी? त्यासाठी 'हडूप' ही प्रणाली वापरली गेली. हडूप फाइलचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवते.

प्रत्येक सर्व्हरला एकाच वेळी पुष्कळ कामे असतात: मागेल त्याला माहिती देणे, नवी लिहून घेणे, जुन्या प्रती तपासणे. कुकर लावल्यावर आई-बाबा शिट्टीची वाट पाहत उभे राहत नाहीत, तेवढ्यात पोळ्या लाटतात. तसेच, डिस्कवरून माहिती येईपर्यंत प्रोसेसर ते काम बाजूला ठेवून दुसरे हाती घेतो. डिस्कचा इशारा ही त्याची शिट्टी!

पण एक काम मागे पडून चालत नाही. दर तीन सेकंदांनी मुख्य सर्व्हरला 'मी चालू आहे' असे कळवावे लागते. गर्दीत हा निरोप सुमारे साडेदहा मिनिटे गेलाच नाही, तर मुख्य सर्व्हर त्याला बंद पडलेला समजतो आणि त्याच्याकडच्या तुकड्यांच्या नव्या प्रती इतरांकडून करवून घेतो. त्यांच्यावरचा बोजा वाढतो आणि तेही गप्प होऊ शकतात. म्हणून निरोपासाठी वेगळी वाट ठेवता येते आणि एका वेळी किती प्रती करायच्या यालाही मर्यादा असते.

कतारमध्येही २०२२ साली मायक्रोसॉफ्टची आणि २०२३ साली गूगलची डेटा सेंटरे सुरू झाली. कामांचा क्रम लावणे तिथेही आलेच.

स्वयंपाकघरात कोणते काम थांबू शकते, कोणते नाही? यादी करून पुढच्या वर्गाला आणा.