बंदूक, कुत्रा आणि सोनेरी शेत

लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' नावाचं एक चित्र आहे. थॉमस गेन्सबरोने ते १७५० च्या सुमारास रंगवलं. तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता!

ओकच्या झाडाखाली रॉबर्ट अँड्र्यूजसाहेब ऐटीत उभे आहेत. काखेत बंदूक, पायाशी कुत्रा. त्यात काय एवढं? अहो, त्या काळी इंग्लंडात ससे-तितर मारायलाही हक्क लागे. वर्षाला १०० पौंड उत्पन्न देणारी स्वतःची जमीन असली, की तो मिळे. शिकारी कुत्रा पाळायलाही हीच अट! म्हणजे ही बंदूक साहेबांचा सातबाराच म्हणा ना.

शेजारी बाकावर बाईसाहेब, निळ्या रेशमी घेरदार झग्यात. अशा झग्यात शेतातली कामं कोण करणार?

आता उजवीकडे बघा. जवळजवळ अर्धं चित्र शेतानेच व्यापलंय. कापणी झालेली, पेंढ्या नीट बांधून ठेवलेल्या. पण त्या बांधल्या कोणी? शोधा बरं! एकही मजूर सापडणार नाही.

आणखी एक गंमत. बाईंच्या मांडीवर थोडी जागा कोरीच राहिलीय. तिथे बाळ येणार होतं की मारलेला पक्षी, यावर जाणकार अजून वाद घालताहेत. तुम्ही काय काढलं असतं?