जुन्या मोटारीतील पॉवर स्टिअरिंग रॅकची पुनर्बांधणी

जुन्या मोटारींच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये रॅकच्या दांड्यावरील पिस्टनवर तेलाचा दाब पडतो व चाके वळविण्यास साहाय्य मिळते. तेलगळती झाल्यास केवळ सील बदलणे पुरेसे नसते. टोकाचे रबरी आवरण फाटले की पाणी व धूळ आत शिरून दांडा गंजतो. त्याचा खडबडीत पृष्ठभाग नवे सीलही कापतो. म्हणून रॅक उघडताच प्रथम दांडा तपासावा. सीलच्या मार्गात नखाला खड्डे जाणवल्यास तो बदलणेच इष्ट होय. जोडणीनंतर पुढील चाके उचलून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस फिरवून तेलातील हवा काढावी आणि व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. गळतीने तेल संपल्यास स्टिअरिंग ऐन वळणावर जड होते; सबब ही तपासणी सुरक्षिततेच्या दृष्टीने अनिवार्य ठरते.