गणिताची भीती ते गणिताची गोडी : छात्राध्यापकाचा बदलता दृष्टिकोन



डी.एड., म्हणजे आताचं डी.एल.एड., करायला मुलं-मुली बारावीच्या कुठल्याही शाखेतून येतात. त्यांतल्या अनेकांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला असतो. पण प्राथमिक शाळेत बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकच सगळे विषय शिकवतो, त्यामुळे गणित पुन्हा त्यांच्याच हातात येतं. शिक्षकाच्या मनातली भीती मुलांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. म्हणून छात्राध्यापकाचा गणिताकडे बघण्याचा दृष्टिकोन पदविकेच्या काळातच बदलायला हवा. आंतरवासितेसाठी येणाऱ्या छात्राध्यापकांमध्ये हा बदल साधारण तीन टप्प्यांत दिसतो.

१) नियम पाठ आहे, म्हणजे गणित येतं?

५२ − २७ शिकवताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "२ मधून ७ जात नाहीत, शेजारून १ उसना घ्या." मग एखादं मूल विचारतं, "तो परत कधी द्यायचा?" इथे छात्राध्यापक अडखळतो. त्याच्या हातात काड्यांचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या द्या. एक गठ्ठा सोडला की सुट्या १२ होतात. त्यातून ७ काढल्या, ५ उरल्या. राहिलेल्या ४ गठ्ठ्यांतून २ काढले, २ उरले. उत्तर २५. उसनं कुणी घेतलंच नाही! ५२ तेवढेच राहिले, फक्त मांडणी बदलली.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. लिपिंग मा यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांची तुलना केली आहे. पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवा आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा, असं त्यांनी शिक्षकांना सांगितलं. बहुतेक अमेरिकन शिक्षकांना योग्य शाब्दिक उदाहरण तयार करता आलं नाही. आपण असं विचारू शकतो : पावणेदोन भाकरी आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, तर किती जणांना पुरेल? तिघांना पुरते आणि पाव भाकरी उरते. ती अर्धीची अर्धी, म्हणून उत्तर साडेतीन. "उलटा करून गुणा" या नियमाला आता अर्थ येतो.

२) चूक म्हणजे फक्त लाल फुली?

५२ − २७ = ३५ असं उत्तर आलं, तर मुलाने दशकांत ५ मधून २ बरोबर काढलेत, पण एककात २ मधून ७ जाईनात म्हणून ७ मधून २ काढलेत. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हा त्याचा नियम आहे. तो चुकीचा आहे, पण त्यामागे विचार आहे.

तसंच "पंचवीस" ऐकून ५२ लिहिणारं मूल. कानावर आधी "पंच" पडतं, मग "वीस". मुलाने ऐकलं तसंच लिहिलं! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" असं वाचनही आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना सोपं जावं म्हणून हा बदल असल्याची बाजू मांडली होती. बदल पटो वा न पटो, अडचण खरी आहे. ती कळली की छात्राध्यापक "लक्ष कुठे आहे?" म्हणण्याऐवजी चुकीचं कारण शोधायला लागतो.

३) "उत्तर काय?" ऐवजी "कसं केलंस?"

८ + ७ वर्गात विचारून बघा. कुणी ८ मध्ये २ मिळवून १० करतं आणि उरलेले ५ जोडतं. कुणी ७ आणि ७ चौदा, वर एक असं करतं. कुणी बोटं मोजतं. गणिताची एकच रीत असते असं मानणारा छात्राध्यापक इथे स्वतःच नव्याने शिकतो. गोडी इथूनच लागते.

आपण काय करू शकतो?

• शिक्षकांनी पाठ निरीक्षण करताना फलकलेखन, आवाज यांबरोबर "मुलांची कोणती उत्तरं ऐकून घेतली?" हेही लिहावं.
• टाचणात मुलं कुठे चुकू शकतील याचा अंदाज आधीच लिहायला सांगावा.
• पालकांनी "मलाही गणित यायचं नाही" हे मुलांसमोर बोलणं टाळावं.
• उत्तर बरोबर असलं तरी "कसं केलंस?" हे घरीही विचारावं. नाहीतर हा प्रश्न आला की आपलं चुकलंच, असं मुलांना वाटू लागतं.

तुमच्या शाळेत यंदा छात्राध्यापक येणार असतील, तर पहिल्या आठवड्यातच त्यांच्याशी ५२ − २७ वर बोला. काड्यांचे गठ्ठे मात्र जवळ ठेवा.