अंपायर नसताना चेंडू ‘आउट’ आहे हे ठरवायचं कोणी?

विम्बल्डनने २०२५ पासून लाइन जजेसना निरोप दिला. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे आता तिथे कॅमेरे आणि संगणक ठरवतात. पण सुट्टीच्या दिवशी क्लबच्या किंवा सोसायटीच्या कोर्टवर खेळणाऱ्यांचं काय? तिथे ना कॅमेरा असतो, ना अंपायर. निर्णय खेळाडूंनीच द्यायचा असतो आणि वादही तिथूनच सुरू होतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने अशा सामन्यांसाठी वेगळे नियम दिले आहेत.

कॉल कोणी द्यायचा?

नेटच्या आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपण द्यायचा, पलीकडचा समोरच्याने. ‘आउट’ म्हणायचं असेल तर लगेच आणि समोरच्याला ऐकू जाईल असं म्हणायचं. चेंडू रेषेला जरासा लागला तरी तो आतच.

नीट दिसलंच नाही तर?

क्रिकेटमध्ये संशयाचा फायदा फलंदाजाला मिळतो, टेनिसमध्ये तो प्रतिस्पर्ध्याला. ‘बहुतेक बाहेर होता’ याचा अर्थ चेंडू आत. कारण इथे निकाल देणाराच खटल्यातला पक्षकार असतो. धावता धावता रेषेवरचा चेंडू नेमका दिसत नाही, आणि मन आपल्या सोयीचं तेच पाहतं. त्यावर उपाय म्हणून नियमच आपल्या विरुद्ध झुकवलेला आहे.

‘जाऊ दे, पॉइंट पुन्हा खेळू’ हा आपल्याकडचा आवडता तोडगा. पण अमेरिकन टेनिस संघटनेच्या ‘द कोड’ या आचारसंहितेला तो मान्य नाही. खात्री नसेल तर पॉइंट समोरच्याचा. दुहेरीत एक जोडीदार ‘आत’ आणि दुसरा ‘बाहेर’ म्हणाला, तरी चेंडू आतच. बाकावर बसलेल्यांना विचारायचं नाही. समोरच्याचा कॉल पटला नाही तर ‘नक्की ना?’ असं विचारता येतं. तो ‘हो’ म्हणाला की विषय संपला.

मातीच्या कोर्टवर काय?

तिथे चेंडूचा ठसा उमटतो. शंका असेल तर तो दाखवायला सांगता येतो आणि पाहण्यासाठी नेटपलीकडेही जाता येतं. ठसा पुसला, तर पुसणाऱ्याने समोरच्याचं म्हणणं मान्य केलं असं धरतात.

स्कोअरवरून भांडण झालं तर?

सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्याने सांगितला की ही वेळ सहसा येत नाही. आलीच, तर दोघांना मान्य असलेले पॉइंट कायम ठेवायचे आणि फक्त वादातले पुन्हा खेळायचे.

असं कुणी खरंच वागतं का?

२००५ मध्ये रोमच्या मातीवर अँडी रॉडिक मॅच पॉइंटवर होता. फर्नांडो व्हर्डास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली, म्हणजे रॉडिक जिंकलाच होता. पण त्याने स्वतः ठसा पाहून चेंडू आत असल्याचं अंपायरला सांगितलं. खेळ पुढे सुरू झाला आणि तो सामना रॉडिक हरला. त्या दिवशी जिंकलं कोण, हे आज फार थोड्यांना आठवतं. रॉडिकने दाखवलेला तो ठसा मात्र टेनिसप्रेमी अजून विसरलेले नाहीत.