शास्त्री चौकातला सांगाडा

रायपूरला कलचुरींनी तलाव दिले, भोसल्यांनी मराठी कारभार आणला आणि 1818मध्ये ब्रिटिश अधिकारी कर्नल ॲग्न्यूने छत्तीसगढचं मुख्यालय रतनपूरहून इथे हलवलं. हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मला मात्र अनेक वर्षं ओढ आहे ती शास्त्री चौकातल्या एका लोखंडी सांगाड्याची.

2017मध्ये भाजप सरकारच्या काळात इथे स्कायवॉकचं, म्हणजे पादचारी पुलाचं काम सुरू झालं; हा सांगाडा त्याचाच. सार्वजनिक बांधकाम खातं तेव्हा राजेश मूणत यांच्याकडे होतं. खर्चाचा अंदाज सुमारे 49 कोटींवरून 77 कोटींपर्यंत चढला. 2018च्या शेवटी काँग्रेसचं सरकार आलं आणि काम थांबलं. पाडायचा, की पुरा करायचा? समिती बसली, लोकांची मतं मागवली गेली, पण सांगाडा गंजत उभाच राहिला. पुन्हा सत्ताबदल झाला आणि 2025मध्ये उरलेल्या कामाला आणखी सुमारे 37 कोटी मंजूर झाले.

दोन्ही पक्ष इतकी वर्षं पुलावरून भांडले. पुलाखालून चालणारा माणूस या भांडणात कुठेच दिसत नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. या परिसरात कलेक्टर कचेरी आहे, न्यायालय आहे आणि पुढे मेकाहारा, म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालय. गरियाबंद, महासमुंदहून आलेली बाई एका हातात एक्स-रेचं पाकीट आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन रस्ता ओलांडते. तिच्यासोबत पाय ओढत चालणारा सासरा असतो. त्यांना जमिनीवरच हक्काने ओलांडता यायला हवं. आराखड्यात लिफ्ट आणि सरकते जिने होते हे खरं. पण ते चालू ठेवायला वीज लागते, रोजची देखभाल लागते. मुंबईकरांना हा अनुभव आहे. वांद्र्याचा स्कायवॉक 2008मध्ये खुला झाला आणि पुढे धोकादायक ठरून पाडावा लागला.

जमिनीवरच चालायचं तर नीट पदपथ हवेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012च्या मार्गदर्शिकेत पदपथाची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटर सांगितली आहे. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर प्रशस्त पदपथ झाले, तेव्हा लोक तिथे रेंगाळू लागले, बाकांवर बसू लागले. रायपूरला ते अशक्य नाही.

जुन्या मराठी वस्तीच्या तात्यापाऱ्यातही पायी चालणाऱ्याच्या जागेचा हाच प्रश्न आहे. तात्यापारा ते शारदा चौक हा जीई रोडचा चिंचोळा तुकडा रुंद करण्याची चर्चा कित्येक वर्षं दुकानांच्या मोबदल्यापाशी अडते. मोबदला चोख द्यायलाच हवा. पण रुंदीकरणानंतरच्या रस्त्यात पायी चालणाऱ्याच्या वाट्याला किती फूट येणार, हे आधी कागदावर यायला हवं. रस्त्यासाठी जागा कुणाची जाते, हा प्रश्न दुसरीकडेही आहे. ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या माधवराव सप्र्यांचं नाव मिरवणारी शाळा बूढा तालाबाजवळ आहे. तिच्या मैदानाचा भाग रस्त्यासाठी घेण्याला रायपूरकरांनी विरोध केला. मुलांची खेळायची जागा गाड्यांना द्यायची नाही, ही त्यांची भूमिका मला पूर्णपणे पटते.

स्कायवॉक पुरा होईल तेव्हा होवो. मेकाहाराच्या फाटकासमोर मात्र आजच ठळक झेब्रा पट्टे हवेत, म्हाताऱ्या पावलांना पुरेल इतका वेळ थांबणारा सिग्नल हवा आणि दुभाजकात व्हीलचेअर जाईल एवढी सपाट वाट हवी. या कामाला 37 कोटी लागत नाहीत.