पोटरी दुखते म्हणून गोळी घेताय? आधी पायाची नाडी बघा

तुमच्या गावात असा एक तरी माणूस असेल. पूर्वी बांधावरून सरसर चालणारा, आता वस्तीवरून एस. टी.च्या थांब्यापर्यंत येताना मध्ये दोनदा उभा राहतो. पोटरी गच्च आवळून येते म्हणतो. पाच मिनिटं थांबलं की बरं वाटतं, तेवढ्यात बिडी ओढून होते आणि तो पुन्हा चालू लागतो. विचारलं तर म्हणतो, "वात आहे, दुसरं काही नाही." मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो, तेल चोळतो, दिवस काढतो. मग एके दिवशी अंगठ्याला ठेच लागते. जखम भरत नाही. बोट काळं पडतं. घरचे जिल्ह्याच्या दवाखान्यात नेतात आणि तिथं कळतं, उशीर झाला, पाय काढावा लागेल.

हा लेख त्या माणसासाठी आहे. तो स्वतः पेपर वाचत नसेल तर त्याला वाचून दाखवा. कारण तो वात नसतो. पायाकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबत आलेली असते. आणि वेळेवर दाखवलं तर बऱ्याच जणांचा पाय आज वाचवता येतो.

टेलचं शेत आधी वाळतं

कालव्याचं पाणी तुम्हाला सांगायला नको. वरच्या अंगाला गाळ साचला की फटका बसतो तो टेलच्या शेतकऱ्याला. शरीराचंही तसंच आहे. हृदय हा पंप. तिथून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटात येते, बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात, ते जांघेतून मांडीत आणि तिथून पोटरीत उतरतात. पायाची बोटं म्हणजे टेल. वाहिनीच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा आणि चुन्याचा थर बसत गेला की वाट अरुंद होते.

यात एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्वाझय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात बारीक नळ्यांतून पाणी सोडून तो मांडला. पंपाचा दाब तेवढाच ठेवला आणि नळीचा व्यास निम्मा केला, तर पाणी निम्मे नव्हे, सोळावा हिस्साच येते. ठिबकच्या नळ्या चोक झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच पटेल. शरीर हुशार असतं, ते आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून आडवाटेनं रक्त पोचवत राहतं. म्हणून बसल्या जागी काही त्रास होत नाही. चालायला लागलं की स्नायूंना जास्त रक्त लागतं, ते पुरत नाही आणि पोटरी कळवळते.

घरच्या घरी कसं ओळखाल

मणक्याचं किंवा सांध्याचं दुखणं आणि हे दुखणं यांत फरक आहे. रक्ताच्या कमतरतेचं दुखणं ठराविक अंतर चाललं की येतं आणि नुसतं उभं राहिलं तरी जातं. मणक्याचं असेल तर बहुधा बसावं किंवा वाकावं लागतं. आजार वाढला की रात्री झोपेत पाऊल ठणकतं आणि पाय खाटेखाली लोंबकळत ठेवला की बरं वाटतं. पाय गार पडतो, नडगीवरचे केस गळतात, नखं जाड होतात, लहान जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. ही धोक्याची पायरी आहे. इथं एक दिवसही घालवू नये.

मधुमेह असेल तर अधिक सावध राहा. साखरेमुळे पायाच्या नसा बधिर होतात, मग दुखतच नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही.

पायाची नाडी दोन ठिकाणी लागते. एक पावलाच्या वरच्या बाजूला मध्यावर, दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे. बोटं हलकी टेकवून बघा. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांचीही लागत नाही, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण दोन्ही ठिकाणी लागत नसेल आणि वरचा त्रासही असेल तर डॉक्टरांना दाखवा. ते घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागतात. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या वाहिनीत अडथळा आहे असं धरतात. या तपासणीला सुई नाही, इंजेक्शन नाही, दुखत तर मुळीच नाही. मधुमेहात वाहिन्या कडक झाल्यामुळे हा आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा पुढची तपासणी करावी लागते.

बिडीचा हिशेब

या आजाराची मोठी कारणं चार: तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली चरबी. त्यात तंबाखू सगळ्यात वाईट. आपल्याकडे तर तिशी-चाळिशीतल्या तरुणांचीही बोटं काळी पडतात. त्या रोगाचं वर्णन लिओ ब्यूर्गर या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली केलं, म्हणून त्याला ब्यूर्गरचा रोग म्हणतात. यात पायाच्या आणि हाताच्या अगदी बारीक वाहिन्या बंद होतात. तिथं फुगा नीट पोचत नाही, बायपासला जागा सापडत नाही. तंबाखू पूर्ण सोडणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे. "दिवसाला दोनच ओढतो" हे इथं चालत नाही. बिडी सोडून तंबाखू मळायला लागलात तरी सुटका नाही.

सुईच्या भोकातून मांडीपर्यंत

पूर्वी अशा पायाला बायपास किंवा कापणे एवढेच मार्ग होते. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात ८२ वर्षांची एक म्हातारी दवाखान्यात होती. तिच्या पायाची बोटं सडत होती आणि ती पाय कापू द्यायला तयार नव्हती. क्ष-किरण विभागाचे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी तिच्या मांडीच्या अरुंद वाहिनीतून आधी तार आणि मग तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळी सरकवली. वाट मोकळी झाली, पाऊल गरम झालं, जखम भरली. पुढे मरेपर्यंत ती म्हातारी स्वतःच्या दोन पायांवर चालली. सुई, तार आणि तारेवरून नळी ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये दाखवून दिली होती. डॉटर यांना त्यांच्याच देशातल्या सर्जन मंडळींनी वेड्यात काढलं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये झुरिच इथं ग्रुंटझिग यांनी नळीच्या टोकाला फुगा बसवला. आधी तो पायाच्या वाहिनीत वापरला आणि १९७७ मध्ये हृदयाच्या. आज ज्याला आपण अँजिओप्लास्टी म्हणतो, तिची सुरुवात अशी पायापासून झाली आहे.

फुग्याने वाट रुंद करतात, गरज पडली तर स्टेंट म्हणजे धातूची जाळी बसवतात. जांघेत सुईएवढं भोक पडतं, बहुतेकदा पूर्ण भूल लागत नाही.

मग फुगा चांगला की बायपास? यावर मोठे अभ्यास झालेत. प्रामुख्याने अमेरिकेत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाय धोक्यात असलेले १८३० रुग्ण होते. ज्यांच्या स्वतःच्या पायाची शीर बायपाससाठी चांगली होती, त्यांना बायपासचा फायदा जास्त झाला. लगेच २०२३ मध्ये ब्रिटनचा ३४५ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात गुडघ्याखालच्या वाहिन्या बंद असलेले रुग्ण होते आणि आधी फुगा केलेल्यांचं बरं निघालं. म्हणजे एकच माप सगळ्यांना लागत नाही. अडथळा कुठं आहे, शीर कशी आहे, माणसाचं हृदय आणि किडनी किती साथ देईल, यावर ठरतं. "डॉक्टर, माझ्यासाठी दोन्हीपैकी काय, आणि का?" असं विचारायला लाजू नका.

आणि चालल्यावरच दुखत असेल, जखम नसेल, तर बहुतेकांना आधी यातलं काहीच लागत नाही. तंबाखू बंद, रक्त पातळ ठेवणारी आणि चरबी कमी करणारी गोळी, आणि चालणे. दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की परत चाला. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, तीन महिने. आडवाटेच्या चाऱ्या कामाला लागतात आणि न थांबता चालायचं अंतर वाढतं. मात्र पायाला जखम असेल तर हा व्यायाम करू नये.

पाय वाचवताना किडनी जपा

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्या दोन किडन्या मिळून वजनाला पाव-तीनशे ग्रॅम भरतात. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो, मिनिटाला साधारण एक लिटर. एवढ्या रक्ताची सवय असल्यामुळे पुरवठा घटला की त्या लगेच आजारी पडतात.

उन्हाळ्यात दिवसभर रानात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं, वरून पोटरीसाठी रोज डायक्लोफेनॅकसारखी गोळी. ही गोळी किडनीकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्या आवळते. शरीरात पाणी कमी असताना ती आणखी बाधते. म्हणजे ज्या गोळीने पायाचा रक्तपुरवठा काडीनेही सुधारत नाही, तीच किडनीचा पुरवठा तोडते.

आणि हा माणूस उपचाराला जातो तेव्हा वाहिनी दिसण्यासाठी तिच्यात आयोडीनचं औषध सोडतात. अँजिओग्राफीत आणि सी. टी. अँजिओग्राफीतही ते लागतं. ते लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणजे काम पुन्हा किडनीचंच. धडधाकट किडनीला ते सहसा झेपतं. आधीच कमजोर किडनी, मधुमेह आणि अंगात पाणी कमी, असं एकत्र आलं तर दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन वाढतं. बहुतेकांचं पुन्हा खाली येतं, थोड्यांचं येत नाही.

यावर उपाय साधे आहेत. आधी क्रिएटिनिनची तपासणी. गरजेप्रमाणे सलाईन. औषध कमीत कमी वापरणे. किडनी फारच कमजोर असेल तर पायाच्या तपासणीत त्या औषधाऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरण्याची सोय काही ठिकाणी असते. किडनी वाचवायला म्हणून वेगळी इंजेक्शनं-गोळ्या पूर्वी देत. २०१८ साली सुमारे पाच हजार रुग्णांवरच्या अभ्यासात सोडा-बायकार्ब साध्या सलाईनपेक्षा सरस ठरला नाही आणि अॅसिटिलसिस्टीनच्या गोळीचाही फायदा दिसला नाही.

तुम्ही काय करायचं? कोणकोणत्या गोळ्या घेता, ते डॉक्टरांना पिशवीसकट दाखवा. दुखण्याच्या गोळ्या लपवू नका. साखरेची मेटफॉर्मिन गोळी काहींना थोडे दिवस थांबवावी लागते, ते विचारा, मनानं बंद करू नका. हृदय कमजोर असेल तर पाणी किती प्यायचं तेही विचारा. आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा क्रिएटिनिन करायला या असं सांगितलं, तर एस. टी.चं भाडं वाचवू नका.

सहा तासांची गोष्ट

कधी कधी वाहिनी हळूहळू न तुंबता एकदम बंद होते. हृदयातून सुटलेली गुठळी पायात जाऊन अडकते. पाय अचानक भयंकर दुखतो, पांढरा-गार पडतो, मुंग्या येतात, बोटं हलेनाशी होतात. इथं साधारण सहा तासांत रक्त सुरू व्हावं लागतं. त्यानंतर स्नायू मरू लागतात आणि उशिरा वाट मोकळी केली तर मेलेल्या स्नायूंतली घाण रक्तात मिसळून किडनी बंद पाडते. लघवी काळ्या चहासारखी होते. म्हणून चोळत बसू नका, शेक देऊ नका, सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यातच न्या.

सरपंच, ग्रामसेवक, आशाताई यांच्यासाठी

उपकेंद्रात तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासतात. त्याच वेळी चप्पल काढायला लावून पाय बघायला सांगा. बधिर पायावर गरम विटेचा शेक, ब्लेडने कुरूप कापणे, जखमेवर पाला बांधणे, हे प्रकार बंद करायला ग्रामसभेत एकदा बोला. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ती आपल्या गावच्या पारावर आणि शाळेजवळच्या टपरीवर पाळली जाते का, तेही बघा. पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवताना रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते तिथला आरोग्यमित्र सांगतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटायला सांगा.

आज संध्याकाळी रानातून आल्यावर हातपाय धुताना आपली आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पावलं उजेडात नीट बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. आणि तो थांबत-थांबत चालणारा माणूस रस्त्यात भेटला, तर त्याला विचारा, किती पावलांवर दुखतं? आकडा महिन्या-महिन्याला कमी होत असेल, तर त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात तुम्हीच घेऊन जा.